द्यूताच्या दौलतीचा भरवसा

इंदूरच्या एखाद्या गल्लीतील अड्ड्यावर चार मित्र पैसे लावून पत्ते कुटत बसले आणि पोलिसांची धाड पडली, तर १८६७ पासून चालत आलेल्या जुगारबंदीच्या कायद्यान्वये ते गुन्हेगार ठरतात. त्याच चौघांनी विमानाने गोवा गाठला, पणजीच्या धक्क्यावरून होडीत पाऊल टाकले आणि मांडवीत नांगरलेल्या जहाजावर तोच डाव मांडला, तर ते राज्याचे सन्माननीय पाहुणे होतात. देश एक, माणूस एक, पत्तेही तेच. फरक पडतो तो खजिन्यात पडणाऱ्या नाण्याने.

२०२० च्या महामारीत आडवा झालेला हा कॅसिनोचा धंदा पुन्हा उभा राहिला, हे सांगताना सत्ताधाऱ्यांच्या आणि व्यावसायिकांच्या मुद्रेवर समाधान दिसते. धंदा सावरला, हे खरे आहे. परंतु धंदा सावरला म्हणजे राज्य सावरले, हे समीकरण आम्हांस मान्य नाही. संकट येताच जो झरा सर्वांत आधी आटतो, त्याच्या काठी राज्याचा संसार थाटावा काय, हा खरा प्रश्न आहे.

गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्याला पहिली फट पडली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांचे व चाकाचे डाव मांडण्याची वाट मोकळी झाली. आज सहा जहाजे मांडवीत ठाण मांडून आहेत. त्यांना नदीतून हलविण्याची आश्वासने निवडणुकीच्या सभांतून दिली जातात आणि मुदतवाढीच्या आदेशांत विरघळून जातात. योगायोग असा की, १९७६ सालीच महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देणारा कायदा केला होता. तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्द करून टाकला. महाराष्ट्राने जे कागदावरच ठेवले, ते आम्ही पाण्यावर आणले.

मार्च २०२० मध्ये या जहाजांवरील दिवे मालवले. १ नोव्हेंबर २०२० रोजी ती निम्म्या क्षमतेने सुरू झाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडली आणि २० सप्टेंबर २०२१ रोजी पुन्हा निम्म्या क्षमतेनेच उघडली. जहाजांचे वार्षिक परवाना शुल्क २०१८ मध्ये क्षमतेनुसार २५ ते ४० कोटी रुपयांपर्यंत नेण्यात आले होते. बंदीच्या काळातील शुल्काचे काय, हा वाद शेवटी न्यायालयाच्या दारात गेला. ज्या वर्षी औषधांसाठी, खाटांसाठी आणि प्राणवायूसाठी पैशाची सर्वाधिक निकड होती, नेमकी त्याच वर्षी ही कामधेनू आटली.

पुढे पर्यटक परतले, तसा पैसाही परतला. डेल्टा कॉर्प या क्षेत्रातील मोठ्या कंपनीची उलाढाल, तिच्या ऑनलाइन खेळांसह, २०२२-२३ मध्ये हजार कोटी रुपयांच्या वर गेली. पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या हाती ११,१३९ कोटी रुपयांच्या करमागणीची नोटीस पडली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी विकत घेतलेल्या नाण्यांच्या पूर्ण मूल्यावर २८ टक्के कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचा दर ४० टक्के झाला. त्याच्या महिनाभर आधी संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. एका हाताने मनाई आणि दुसऱ्या हाताने कर, असे हे धोरण आहे. जो धंदा दिल्लीतील एका बैठकीने डळमळतो, त्याच्या भवितव्याची हमी पणजीने कोणत्या आधारावर द्यावी?

या बाबतीत मकावचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या सत्तेखाली राहिलेले आणि १९९९ मध्ये चीनकडे गेलेले हे शहर जुगारावर जगते. २०१९ मध्ये तेथील कॅसिनोंचे उत्पन्न सुमारे २९२ अब्ज पटाका होते. २०२० मध्ये ते ६० अब्जांवर आले आणि २०२२ मध्ये ४२ अब्जांपर्यंत घसरले. २०२४ मध्ये २२६ अब्जांपर्यंत चढूनही जुनी पातळी दूरच राहिली. मकाव तरले, कारण त्याने सुगीच्या वर्षांत राखीव निधी साठविला होता. आमच्या डोक्यावर निधीऐवजी कर्ज आहे.

एकाच खांबावर छप्पर टाकले की काय होते, हे गोव्याला मकावने शिकवावयास नको. २०१२ मध्ये खनिज खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली, सांगे, सत्तरीच्या वाटेवर उभे राहिलेले ट्रक आम्ही पाहिले आहेत. खाणीच्या धुळीतून जो धडा घ्यावयाचा होता, तो जहाजांच्या झगमगाटात विसरला जात आहे.

या जहाजांवर शेकडो तरुणांच्या चुली पेटतात, हे आम्ही नाकारीत नाही. महामारीत सर्वांत आधी पोळले तेच. म्हणूनच त्यांचे भवितव्य अशा लहरी धंद्यावर सोपविणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणा आहे. आणि आपण गोमंतकीय काही जन्मजात विरक्त आहोत, असेही नव्हे. देवाच्या जत्रेत आडोशाला मांडले जाणारे डाव सर्वांना ठाऊक आहेत.

पण याहूनही टोचणारी गोष्ट निराळी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद आहे. याचा अर्थ हे विष आहे, अशी सरकारची स्वतःची कबुली आहे. मग जे आपल्या मुलाच्या ताटात वाढावयाचे नाही, ते पाहुण्याच्या ताटात कसे वाढावे? इंदूरचा व्यापारी येथे जे हरतो, ते इंदूरच्या घरातून येते. होळकरांच्या त्या नगरीत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. द्यूतसभेत पांडवांनी काय गमावले, हे आपण मुलांना सांगतो. त्या सभेचे भाडे कोण घेत होता, हे मात्र विचारीत नाही.

त्याच इंदूरकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. तेथील कारभारातही उणिवा आहेत. परंतु त्या शहराने आपल्या कचऱ्यातून पैसा उभा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू बनविणारा प्रकल्प सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने हरित रोखे विकून २४४ कोटी रुपये उभारले, तेही नर्मदेचे पाणी शहरात आणणाऱ्या पंपांना सौर वीज मिळावी म्हणून. कोणाचे घर बुडवून तो पैसा आला नाही.

कॅसिनो उद्याच बंद करा, असे म्हणणे सोपे आहे; ते आम्ही म्हणत नाही. परंतु या उत्पन्नाचा वेगळा हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. ते पगारात आणि मेजवान्यांत न जिरविता अन्य रोजगार उभारण्यासाठी राखून ठेवावे. नवा परवाना देऊ नये, आणि जहाजे मांडवीतून केव्हा हलणार, त्याची तारीख एकदाच जाहीर करून ती पाळावी. धंदा सावरला आहे, तोवरच हे करणे शक्य आहे. पुढचे संकट मुदतवाढ देणार नाही.