फाटलेला सूर

ऑक्टोबर १९७५मध्ये जपानी सॅक्सोफोनवादक काओरू आबे यांनी एकट्यानं वाजवलेल्या अल्टो सॅक्सोफोनचं ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा ऐकतो. ड्रम नाही, बास नाही, ठेका नाही. सूर किंचाळतो, फाटतो, मध्येच थांबतो. कावासाकीत १९४९ साली जन्मलेले आबे हे वाद्य स्वतःच शिकले. गिटारवादक मासायुकी ताकायानागी यांच्याबरोबरची त्यांची मैफल १९७० साली मुद्रित झाली, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. सप्टेंबर १९७८मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी ते गेले.

आबे यांचा हा फाटका आवाज निघतो कसा, ते मला आर्णीत कळलं. तिथल्या एका बँडमधले सॅक्सोफोनवाले भाऊ वरातीआधी रीड तोंडात धरून बसतात. ती पुरती भिजली की माउथपीसवर ठेवून स्क्रू आवळतात, मग अंगठ्यानं केसभर वर सरकवतात. वाद्य पितळेचं, पण थरथरते ती ही पातळ पट्टीच. खालचा ओठ दातांवर दुमडून तिला आधार द्यायचा. ओठ आवळला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. सिनेमाच्या गाण्यातली मींड भाऊ अशी ओठानं काढतात. दाब चुकला, रीड सुकली, की सूर चिरकतो. वरातीत ती नामुष्की.

भाऊंचं सगळं कसब तो चिरका सूर टाळण्यात आहे. आबे यांनी नेमका तोच धरला, आणि हवा तेव्हा, हवा तितका वेळ निघावा म्हणून त्याच्यावर हुकमत मिळवली. त्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्याच १९७० साली गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी ‘रागा रॉक’ या अल्बममध्ये सॅक्सोफोन रागदारीकडे नेला. त्यांनी वाद्याला नवी चाल दिली. आबे यांनी चालच सोडली.

भाऊंना मी ते मुद्रण ऐकवलं. त्यांनी एक तुकडा परत लावायला सांगितला. "रीड कडक हाय त्याची. अन् इथं ओठ नाही, दात लावून राह्यला तो." मग स्वतःचं वाद्य उचलून त्यांनी रीडवर अलगद दात टेकवले. कान फाडणारा एक बारीक सूर निघाला. दुसऱ्या फुंकीला तो हरवला. "काढता येते," भाऊ म्हणाले, "पण धरून ठेवनं कठीन हाय." आणि ते पुन्हा प्रयत्नाला लागले.