टायर कडक म्हणजे सायकल जोरात? कच्च्या रस्त्याच्या शर्यतीत हवा किती ठेवायची, जाणून घ्या

शर्यतीच्या सकाळी पंक्चरच्या दुकानात जायचं आणि टायर दगडासारखा कडक होईपर्यंत हवा मारायची, असं बरीच पोरं करतात. डांबरी रस्त्यावर ते एकवेळ चालून जातं. पण मुरूम, खडी, ओढ्याची वाळू अशा वाटेवर माउंटन बाइक पळवायची असेल, तर हीच जादा हवा पाडते.

कारण सोपं आहे. कडक टायर दगडावर दबत नाही, उसळतो. प्रत्येक उसळीत पायातली ताकद वाया जाते आणि वळणावर चाक घसरतं. हवा थोडी कमी असली की टायर दगडावर दबून पुढे जातो आणि जमीन घट्ट धरतो.

मात्र हवा फारच कमी केली तर रिम दगडावर आपटते. मधे चिमटलेल्या ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. रिम वाकली तर खर्च वेगळाच.

मग आकडा किती?

सव्वादोन इंच रुंदीच्या, ट्यूब असलेल्या टायरसाठी सुरुवात अशी करा:

• वजन 60 किलोच्या आसपास: पुढे 26, मागे 28 पीएसआय
• वजन 75 किलोच्या आसपास: पुढे 29, मागे 31 पीएसआय
• ट्यूबलेस टायर: यापेक्षा 4 ते 5 पीएसआय कमी

अंगाचा जास्त भार मागच्या चाकावर येतो, म्हणून मागे हवा जास्त. टायर अरुंद असेल तर आकडा वाढवा. टायरच्या कडेला छापलेली हवेची मर्यादा पाळाच, पण छापलेला कमाल आकडा म्हणजे तेवढी हवा भरायचीच असं नाही.

आपला आकडा असा शोधा

शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी एकाच खडकाळ वाटेवर चार-पाच फेऱ्या मारा. दर फेरीला 2 पीएसआय हवा कमी करा. रिम दगडाला लागल्याचा ठक्क आवाज आला किंवा वळणावर टायर लडबडला, की 2 पीएसआय परत वाढवा. तोच तुमचा आकडा. मोबाईलमध्ये लिहून ठेवा. चिखल-वाळू जास्त असेल तर एक-दोन कमी, टोकदार खडी असेल तर एक-दोन जास्त.

हे विसरू नका

• ट्रक-ट्रॅक्टरच्या हवेच्या मशीनने सायकलचा टायर काही सेकंदांत गच्च भरतो, फुटूही शकतो. गेज असलेला हातपंप बरा.
• दोन गेज सारखा आकडा दाखवतीलच असं नाही. सरावाला वापरलं तेच गेज शर्यतीला वापरा.
• तापमान 10 अंशांनी वाढलं, तर हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. शर्यत दुपारी असेल तर सुरू होण्याआधी पुन्हा तपासा.

मित्राचा आकडा मात्र जसाच्या तसा उचलू नका. त्याचं वजन वेगळं, टायर वेगळा.