दोघांसाठी एकच प्रार्थना

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि महामार्गालगत पसरलेली अवाढव्य गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदविलेल्या या श्रमिकांच्या नगरीत कॅथलिक कुटुंबे थोडीच आहेत. अंजूरफाट्याहून कामण-चिंचोटीच्या रस्त्याने वसई गाठली की चित्र पालटते. तेथे पोर्तुगीज काळापासून मूळ धरलेला, मराठीत उपासना करणारा कॅथलिक समाज गावोगाव नांदतो. चर्च हाकेच्या अंतरावर, आप्तस्वकीय शेजारी आणि धर्मग्रामाची घडी कित्येक पिढ्यांची. पोटापाण्यासाठी भिवंडीसारख्या शहरात आलेल्या दांपत्याला यांपैकी काहीच आयते मिळत नाही. म्हणूनच उपासना आणि वैवाहिक प्रेम यांविषयी ख्रिस्तसभा जे शिकविते, त्याची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

रविवारच्या मिस्सेला उपस्थित राहणे हे कॅथलिक श्रद्धावंताचे कर्तव्य मानले गेले आहे. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनेही ते पार पडते, अशी सोय १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. परंतु पाळीचे काम वार जाणत नाही. यंत्रमागावरची पाळी बहुधा बारा तासांची. गोदामे आणि रुग्णालये तर रविवारीही चालूच असतात. पती कामावरून परतावा आणि पत्नीने कामाला निघावे, उरलेल्या वेळी एकाच खोलीत मुले आणि वडीलधारी माणसे असावीत, असा संसार काही विरळा नाही. अशा घरात दांपत्यप्रेमाच्या उदात्त शिकवणुकीला अर्थ तो कोणता, असा प्रश्न कोणालाही पडावा.

त्याचे उत्तर शोधू जाता दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मागे जावे लागते. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला. लोकभाषेत उपासना करण्यास वाट मोकळी करून देणारा दस्तऐवज म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. वसईच्या चर्चमधून लॅटिनच्या जागी मराठी घुमू लागली ती त्यानंतरच. पण त्याच दस्तऐवजातील विवाहविधीसंबंधीच्या परिच्छेदाकडे सहसा लक्ष जात नाही. जुन्या रोमन विधीत लग्नाच्या मिस्सेत आशीर्वादाची जी प्रार्थना म्हटली जाई, ती मुख्यतः वधूसाठी असे. राहेल, रिबेका आणि सारा या पूर्वकालीन स्त्रियांचा आदर्श तिच्यापुढे ठेवून तिच्या निष्ठेसाठी आणि सदाचरणासाठी ईश्वराची करुणा भाकली जाई. वराच्या निष्ठेसाठी तशी वेगळी विनवणी नव्हती. परिषदेने ठरविले की, या प्रार्थनेत योग्य तो बदल व्हावा, परस्परांशी एकनिष्ठ राहण्याचे दोघांचे कर्तव्य समान आहे याचे स्मरण त्यातून दोघांनाही व्हावे, आणि ती लोकभाषेतही म्हणता यावी. १९६९ मध्ये नवा विवाहविधी प्रसिद्ध झाला तो या धोरणाला अनुसरून.

लोकभाषा आणि समानता या दोन गोष्टी एकाच आदेशात याव्यात, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. जी प्रार्थना वधूला कळत नव्हती ती तिच्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी म्हणावयाची होती. ती कळू लागताच तिच्यातील एकांगीपणाही उघडा पडला. पतीच्या आयुष्यासाठी पत्नीने व्रतवैकल्ये करावीत, पतीने मात्र त्यांचे पुण्य निवांतपणे भोगावे, ही रीत आपल्याकडे सर्वच धर्मांच्या घरांतून कमीअधिक प्रमाणात रुळलेली आहे. त्या पार्श्वभूमीवर हा बदल लहान वाटला तरी मूलगामी होता.

पुढे ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात विवाहाचे वर्णन जीवन आणि प्रेम यांची निकट सहभागिता असे केले. १९१७ च्या धर्मसंहितेत अपत्यप्राप्ती आणि त्यांचे संगोपन हा विवाहाचा प्रथम हेतू म्हणून सांगितला होता. १९८३ च्या संहितेत प्रथम पतिपत्नींचे कल्याण आणि त्याच्याबरोबरीने संतती, असा उल्लेख आला. शरीरसंबंधाकडे केवळ संशयाने पाहण्याची जुनी वृत्ती मागे पडून तो परस्परदानाची भाषा आहे, असे सांगितले जाऊ लागले. वेदीवर ख्रिस्ताने आपले शरीर दिले आणि संसारात पतिपत्नी एकमेकांना स्वतःला देतात. उपासना आणि विवाह यांना जोडणारा दुवा आहे तो हाच.

वादाचा प्रश्न उभा राहिला तो २५ जुलै १९६८ रोजी. पोप सहावे पॉल यांनी आपल्या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविले आणि स्त्रीच्या ऋतुचक्रातील वंध्यकाळाचा आधार घेण्यास तेवढी अनुमती दिली. या विषयाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगातील बहुमत वेगळे होते. भारतात तर १९५२ पासूनच सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झालेला होता. त्यामुळे येथील कॅथलिक दांपत्य दोन उपदेशांच्या मध्ये सापडले. एकीकडे दवाखान्यातील भिंतीपत्रक, दुसरीकडे प्रवचनपीठ.

या दोन उपदेशांत साम्य कोणते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. दोहोंचा भार प्रत्यक्षात स्त्रीवरच पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, प्रजननवयातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे अडतीस टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्का. ख्रिस्तसभेने मान्य केलेल्या नैसर्गिक मार्गाची गोष्टही वेगळी नाही. त्यासाठी दिवस मोजावयाचे पत्नीने. पण संयम पाळावयाचा दोघांनी. बारा तासांच्या पाळीनंतर घरी आलेला पती 'आज नको' हे शब्द ऐकून घेणारा नसेल, तर त्या शिकवणुकीचे सारे ओझे पत्नीच्या वाट्याला येते, आणि मागाहून पापाची टोचणीही तिलाच. समानता मुरलेली नसेल तेथे संयमाचा उपदेश म्हणजे पाया न घालता कळस चढविणे होय.

शिकवणूक शिथिल केली की ख्रिस्तसभेचे वेगळेपण ते काय उरले, असे काही श्रद्धावंत विचारतात. ब्रह्मचारी धर्मगुरूंनी संसाराच्या गोष्टी सांगूच नयेत, असे इतर काही म्हणतात. दोन्ही बाजूंचे लक्ष निषेधावरच खिळलेले असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबातील प्रेमावर जे विस्तृत आवाहनपत्र काढले, त्याने या वादाचा कोन बदलला. सदसद्विवेकाची जागा बळकावणे हे ख्रिस्तसभेचे काम नव्हे, त्याला वळण लावणे हे तिचे काम, असे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वैवाहिक संबंधातील कोणत्याही प्रकारची लैंगिक अधीनता त्याज्य ठरविण्यात आली आहे. सज्ञान पत्नीवर पतीने केलेली अशी बळजबरी बलात्कार मानू नये, हा अपवाद २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवला आहे. या एका बाबतीत धर्माचा दस्तऐवज देशाच्या कायद्याच्या पुढे आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? रविवारच्या प्रवचनातून ते कितीदा ऐकू येते?

धर्मग्रामांनी करावयाचे काम येथूनच सुरू होते. विवाहापूर्वीचे मार्गदर्शनवर्ग आज सर्वत्र भरतात. पण दांपत्याला खरी गरज भासते ती लग्नानंतरच्या पाचव्या वा पंधराव्या वर्षी. अनुभवी जोडप्यांनी तरुण जोडप्यांशी बोलावे, पुरुषांशी पुरुषांनी स्पष्ट बोलावे, वैद्यकीय माहिती जाणकार डॉक्टरांनी द्यावी आणि मिस्सेच्या वेळा पाळीत काम करणाऱ्यांची सोय पाहून ठरवाव्यात, यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी रोमच्या अनुज्ञेची आवश्यकता नाही. ज्या शहरात कॅथलिक वस्ती विरळ असते, तेथे तर धर्मग्राम हेच कुटुंबाचे माहेर आणि सासर असते. त्याने केवळ हजेरी घेणारे व्हावे की ऐकून घेणारे, हा खरा प्रश्न आहे.

उपासना लोकभाषेत आणण्याचे काम त्या मानाने सोपे होते. त्यासाठी शब्द बदलणे पुरेसे होते. वधूसाठीची प्रार्थना दोघांसाठी झाली, तीही कागदावर केव्हाच झाली. ती घराच्या उंबरठ्याआत उतरविण्यासाठी बदलावी लागतात ती माणसे, आणि त्यातही आधी पती. ते घडेपर्यंत वेदीपुढे दिलेले समान निष्ठेचे वचन अर्धेच पाळले गेले, असे म्हणावे लागेल.