डब्यातली खिचडी, गाडीवरची पापडी

नोव्हेंबर उतरणीला लागलाय, पण सुरतचं ऊन अजून हटत नाही. लिंबायतच्या गल्लीत लूमची खटखट. तिच्यावर ताण करत टेम्पोचा हॉर्न वाजतो. मराठी शाळेचं फाटक करकरतं आणि टेम्पो उलटा आत येतो. स्टीलचे उंच डबे, झाकणांना चाप. चाप निघतो तशी हळद-जिऱ्याची वाफ थेट तोंडावर येते.

पोरं केव्हाची ओळीत उभी आहेत. बहुतेकांचं गाव धुळे, नंदुरबार, जळगावकडे. बाप लूमवर नाहीतर कापड बाजारात. ओळ काही सरळ राहत नाही. ‘हाई मनी ताटली शे!’ वर्गात पुस्तकी मराठी, रस्त्यावर गुजराती; भांडायला मात्र अहिराणीच.

पोरांच्या आधी बाई चव घेतात. नियमच आहे तसा. दोन घास, मान डोलावणं, वहीत सही. मग डाव फिरू लागतो.

मी एका ताटलीत डोकावतो. तांदूळ, डाळ, बटाटा, दुधीच्या दोन फोडी, गाजराचा एक तुकडा. शालेय जेवणाच्या सरकारी योजनेच्या मापानं पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. धान्य केंद्र फुकट देतं. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, गॅस यांसाठी मे २०२५पासूनचा मुलामागे रोजचा किमान दर ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० राज्याचे. डाळ शंभर रुपये किलो धरली, तरी दोन रुपये तिथेच गेले. दुधी का, हे विचारायला नको.

व्हरांड्यात मांडीला मांडी लागलेली. वर पंखा एकच, तोही दमलेला. एक मुलगी दुधी वेचून शेजारणीच्या ताटलीत सरकवते. शेजारीण न बघता खाते. एकानं खिशातून तिखटाची पुडी काढली आहे. तिच्यावर पाच हात पडतात. सोबतची गोड सुखडी सगळे शेवटासाठी राखून ठेवतात. वस्तीत कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी असली, की पुरी-लाडूही मिळतात. तिथिभोजन. गुजरातची ही रीत आता देशभरच्या योजनेत गेली आहे.

फाटकाबाहेर भाजीची गाडी. ओल्या गोणपाटावर सुरती पापडी, ओलपाडकडची, देठ अजून हिरवे. भाव ऐकून मी पाव किलोवर थांबतो. ही शाळेच्या डब्यात कशी पोचणार? योजनेच्या कागदात स्थानिक भाज्यांचा आग्रह आहे, शाळेत परसबाग करा असंही आहे. इथे परस कुठला! फरशी संपते तिथे भिंत, भिंतीपलीकडे लूम.

आत हात धुण्याच्या नळावर झुंबड. दुपारपाळीची पोरं दप्तरं घेऊन फाटकाशी येऊन थडकलीत. बाई पाटावर मांडलेल्या वहीत आजचे जेवलेले मोजतायत. मधेच कुणी ओढणी ओढतं, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून.

‘बेन, खाली डब्बा आपो!’ टेम्पोवाला ओरडतो. त्याला अजून दोन शाळा करायच्या आहेत.