आत ओढलेला सूर

15 ऑगस्ट 1975 रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि त्यातील जय नावाच्या अबोल इसमाच्या माउथ ऑर्गनने नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतील पोरांना झपाटले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ती धून पडद्यामागे भानू गुप्ता यांनी वाजविली होती आणि त्यापूर्वी, 1958 च्या ‘सोलवा साल’मधील आगगाडीतल्या गाण्यात, राहुलदेव बर्मन यांनी वडिलांसाठी हाच बाजा तोंडी धरला होता, हे तपशील मला पुष्कळ उशिरा कळले. वडील सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरीस होते. पगाराच्या दिवशी, बरीच मिनतवारी केल्यावर, त्यांनी मला चोवीस घरांचा एक माउथ ऑर्गन घेऊन दिला. ‘यात सगळं वाजतं,’ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते; ते विधान असत्य आहे, हे उमगण्यास मला अकरा वर्षे लागली.

1986 साली देवळाली कॅम्पातील एका स्नेह्याकडे लिटल वॉल्टर या अमेरिकी ब्लूज माउथ ऑर्गनवादकाची ध्वनिफीत ऐकली. शिकागोत 1952 साली ध्वनिमुद्रित झालेले त्याचे ‘ज्यूक’ हे वादन, ज्यात गाण्याचा एकही शब्द नाही, त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले होते. माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरून हा गृहस्थ असा काही आवाज काढी, की तो सनईचा म्हणावा की माणसाच्या गळ्याचा, याचा निर्णय होईना. घरी येऊन माझ्या बाजावर मी रात्रभर धडपडलो, परंतु एक सूर जागचा हलेल तर शपथ.

दोष माझ्याइतकाच बाजाचाही होता. चोवीस घरांच्या त्या प्रकारात एकाच सुराच्या दोन रीड किंचित विसंगत लावलेल्या असतात, त्यामुळे आवाजाला मधुर कंप येतो. मात्र फुंकीची रीड एका घरात आणि ओढीची दुसऱ्यात, अशी त्यांची विभागणी असते. दहा घरांच्या साध्या बाजात त्या दोघी एकाच घरात नांदतात, आणि ब्लूजचे सारे रहस्य या शेजारात आहे. श्वास आत ओढताना, ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ म्हणावे तशी जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी मोठी केली, की ओढीची रीड हळूहळू माघार घेते, फुंकीची रीड तिची जागा घेऊ लागते आणि सूर खाली वाकतो. पट्टीची युक्तीही अशीच उलटी आहे: बाजा पांढरी एकचा, पण षड्ज धरायचा पांढरी पाचचा, म्हणजे दुसऱ्या घरात ओढलेला. तिसऱ्या घरातील ओढीचा शुद्ध गंधार मग कोमल गंधार, रिषभ आणि कोमल रिषभ यांपर्यंत उतरविता येतो. चौथ्यात पंचमाखालचा तीव्र मध्यम सापडतो. धानी रागाच्या स्वरांत हा तीव्र मध्यम मिसळा, की ब्लूजची सप्तक-चौकट तयार.

आमच्या शेजारी कीर्तनाला पेटीची साथ करणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. मी आणलेल्या दहा घरांच्या बाजावर शुद्ध आणि कोमल यांच्या अधेमध्ये घुटमळणारा माझा गंधार ऐकून ते एका सायंकाळी ओट्यावर थबकले आणि म्हणाले, ‘अरे, रेडिओवाल्यांनी चाळीस साली पेटी बंद केली ती मींड येत नाही म्हणून. आणि तुझ्या या खेळण्यात मींड आहे की!’ ती बंदी 1971 पर्यंत अमलात होती. त्यांच्या उमेदीची सारी वर्षे तिच्या खाती जमा झाली होती. जर्मनीतील ट्रोसिंगेन येथे 1857 पासून होनर घराण्याने घरगुती नाचगाण्यांसाठी घडविलेला हा बाजा, आणि त्यात त्याच्या कारागिरांनी न योजलेली मींड अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी शोधून काढावी, याचे नवल मला त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर प्रथम दिसले.

लय मात्र मला स्टेशनने शिकविली. डीफोर्ड बेली या वादकाने 1927 सालीच आगगाडी बाजात उतरविली होती; मी फलाटाच्या टोकाशी बसून, पंचवटी एक्सप्रेस सुटताना, पहिल्या चार घरांत दोनदा आत, दोनदा बाहेर, असा श्वास चाकांना जोडीत असे. रॉकची गोष्ट थोडक्यात आटोपते: 1962 च्या ‘लव्ह मी डू’मध्ये जॉन लेननने वाजविलेला तुकडा मी आठवड्यात बसविला आणि वर्षभरात विसरलो. त्यात वेदना कमी, उत्साह अधिक. वीस वर्षांच्या मुलांना तो शोभतो.

2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा पंचवटीनेच मुंबई गाठून ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना ऐकून आलो. वसाहतीतील ते वृद्ध गृहस्थ तोवर राहिले नव्हते.

आजही कोणी विचारले तर सांगतो: चोवीस घरांच्या मोहात पडू नका. दहा घरांचा, पांढरी एकचा घ्या, आणि पहिले सहा महिने फुंकीपेक्षा ओढीकडे लक्ष द्या.