समुद्रतळाची कालगणना: मुंबई हाय ते लक्ष्मी खोरे

समुद्राखालच्या गाळाच्या थरांचे वय मुख्यतः सूक्ष्मजीवाश्मांवरून ठरते. त्यांत फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांचा मान पहिला. त्यांची चुनकट कवचे बहुधा वाळूच्या कणाएवढी असतात. न्युम्युलाइट्ससारख्या काही जातींची मात्र नाण्याएवढी. जात उपजते, पसरते, नष्ट होते आणि पुन्हा येत नाही. म्हणून दूरदूरच्या दोन विहिरींत जातींचा तोच क्रम सापडला, की ते थर समकालीन मानता येतात. आंबोलीच्या घाटातील बेसाल्टला हे साधन निरुपयोगी आहे. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याचे वय आर्गॉनच्या मोजणीतून निघते. पण त्याच लाव्हापटाचा पश्चिमेकडचा भाग खचून अरबी समुद्राखाली गेला आणि त्यावर गाळ व चुनखडी साचत राहिली. तिथून पुढचा हिशेब कवचांचा.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या लष्करातील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी 1852 मध्ये ऑपर्क्युलिना या फोरॅमिनिफेराच्या कवचाची रचना उलगडली आणि 1857 मध्ये पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरील लेख एकत्र छापले. पुढे शतकभर अभ्यास चालला तो कच्छ आणि सिंधमधील उघड्या खडकांवर. जातींच्या याद्या वाढल्या. समुद्राशी त्यांचा संबंध कोणी फारसा जोडला नाही.

तो जोडला गेला फेब्रुवारी 1974 मध्ये. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या खोदनौकेने मुंबई हायची पहिली विहीर खणली आणि तेल लागले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. पाठोपाठ वसई, पन्ना, हीरा ही क्षेत्रे सापडली. विहिरीमागून विहिरी खणल्या जात होत्या आणि विहिरीगणिक तोच प्रश्न येत होता: खोदणारे पाते आता कोणत्या काळातल्या थरात आहे? त्या दहा-बारा वर्षांत सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या माणसाच्या शब्दाला जे वजन होते, ते त्याआधी नव्हते आणि नंतरही राहिले नाही.

ते काम वरवर कंटाळवाणे. खोदताना चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो. तो भिजवायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवर मांडायचे. कठीण चुनखडीतून कवच सुटत नाही. तिथे खडक घासून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करावा लागतो आणि आडव्यातिडव्या छेदावरून जात ओळखावी लागते. त्यातही विहिरीच्या भिंती ढासळतात, वरच्या थरातील कवचे खालच्या चुऱ्यात मिसळतात. त्यामुळे जात कोणत्या खोलीपर्यंत दिसत राहिली याला फारशी किंमत नसते. खाली जाताना ती प्रथम कुठे भेटली, ते महत्त्वाचे. कारण ती खूण त्या जातीच्या अंताची असते. डिस्कोसायक्लिना भेटली की इओसीन लागला, म्हणजे काळ 3 कोटी 39 लाख वर्षांहून मागे गेला. न्युम्युलाइट्स फिश्टेली ऑलिगोसीनच्या पूर्वार्धाची ग्वाही देते, तर मायोजिप्सिना मायोसीनच्या आरंभाजवळ नेते.

मायोजिप्सिना विशेष उपयोगी, कारण तिच्यातला बदल मोजता येतो. गर्भकोशाभोवतीची पहिल्या कोशांची सर्पिल रांग पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत गेली. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे ड्रूगर यांनी बसवलेली ही पद्धत डी. एस. एन. राजू यांनी भारतीय नमुन्यांना लावली. त्यांचा प्रबंध 1974 मध्येच, मुंबई हायच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. मुंबई हायचे प्रमुख तेलसाठे मायोसीनच्या पूर्वार्धातील चुनखडीत आहेत, हे लक्षात घेतले तर या कोशमोजणीचे मोल कळते.

अडचण राहते ती निराळ्या पाण्यांची. उथळ समुद्रात चुनखडी आणि मोठी कवचे. खोल पाण्यात शेल हा चिखलाचा खडक आणि तरंगत्या जाती. एकाच काळाचे हे दोन पुरावे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यामधला दुवा बहुधा नॅनोजीवाश्म देतात, कारण ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे वा त्याहून लहान असतात आणि चिमूटभर खडकातही सापडतात. विहिरीतील विद्युत नोंदींच्या आलेखांवर भिस्त ठेवणाऱ्यांना हा सारा खटाटोप वेळखाऊ वाटे, अजूनही वाटतो. आलेखावर मात्र चुनखडीसारखी चुनखडी दिसते. दोन वेगळ्या काळांतल्या थरांना एका रेषेने जोडण्याची चूक त्यातूनच होते.

थरांना मिळालेली नावे मात्र किनाऱ्यावरची: वसई, अलिबाग, माहीम, वांद्रे, रत्नागिरी, देवगड. देवगडकरांना आपल्या गावाचे नाव समुद्राखालच्या एका खडकसंचाला आहे याची सहसा कल्पना नसते. त्याचे एक कारण असे, की तेलाच्या धंद्यात अहवाल गुप्त असतात. त्या दशकातील कितीतरी निरीक्षणे फायलींत राहिली, ती करणारे निवृत्त झाले आणि जाती नजरेने ओळखणाऱ्यांची पुढची फळी उभी राहिली नाही. संगणकाला कवचे ओळखायला शिकवता येते. पण आधी कोणीतरी नमुन्यांना बिनचूक नावे दिलेली असावी लागतात.

जुन्या पद्धतीचा कस 2015 मध्ये लागला. ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात दोन ठिकाणी तळ खणला. एका ठिकाणी सुमारे 1,090 मीटर गाळाखाली बेसाल्ट लागला. मधे शेकडो मीटर जाडीचा कालवलेला थर होता. मायोसीनच्या आधीच्या पॅलिओजीन काळाची कवचे त्यात मायोसीनच्या गाळात मिसळलेली. कवचे भोळेपणाने वाचली असती, तर थर कित्येक कोटी वर्षे जुना ठरला असता. वरच्या आणि खालच्या अबाधित गाळातील जीवाश्मांनी खरे वय दाखवले: सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षे. तो खंडाच्या उतारावरून कोसळलेला प्रचंड राडा होता. त्याला नटराज नाव मिळाले.

मुंबई हायच्या पन्नाशीच्या वर्षी, 2024 मध्ये, त्या जहाजाची वैज्ञानिक कामगिरी संपली. तिला चालवणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रमही त्याच सप्टेंबरात बंद झाला. लक्ष्मी खोऱ्यातून काढलेले गाभे कोचीला ठेवले आहेत: केरळातल्या नव्हे, जपानमधल्या.