धमनीच्या भिंतीतील तिहेरी पीळ

मेंदूतील धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे तिच्या भिंतीचा दुबळा भाग रक्तदाबाने बाहेर येऊन पिशवी तयार होते. तिला ॲन्युरिझम म्हणतात, आणि ती फुटली की मेंदूच्या आवरणाखाली होणारा रक्तस्राव अनेकदा जीवघेणा ठरतो. शंभर प्रौढांपैकी सुमारे तिघांना ती असते, पण बहुतेकांची कधीच फुटत नाही.

भिंतीला ताण सोसण्याची ताकद कोलॅजन हे प्रथिन देते, आणि त्याच्या रचनेचे कोडे सोडवण्यात मद्रासचा वाटा मोठा आहे. तेथील विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954 साली ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी त्या साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याचे दाखवून ती सुधारली. या पिळाच्या गाभ्यात जागा इतकी अपुरी असते, की दर तिसऱ्या स्थानी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने तिथे मोठे आम्ल आले, की पीळ नीट बसत नाही. एवढ्याशा चुकीने धमनी फाटू शकते, हे या शास्त्रातले सर्वांत विलक्षण सत्य आहे.

ते प्रथम दिसले एहलर्स-डॅनलॉस या आनुवंशिक विकाराच्या रक्तवाहिन्या फाटणाऱ्या प्रकारात. त्याच्या रुग्णांत तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन कमी असल्याचे पोप आणि सहकाऱ्यांनी 1975 साली दाखवले, आणि मेंदूत ॲन्युरिझम असलेल्या काही रुग्णांतही तीच उणीव आढळल्याचे त्यांनी 1981 मध्ये नोंदवले. साहजिकच हे कोलॅजन घडवणाऱ्या सीओएल3ए1 या जनुकावर संशय बळावला. परंतु 1993 साली 55 रुग्णांत त्याचा क्रम तपासल्यावर ते ॲन्युरिझमचे सर्वसामान्य कारण नसल्याचे स्पष्ट झाले. हा निष्कर्ष नकारार्थी असला तरी मोलाचा होता, कारण त्याने दुर्मीळ आजारातील कारण सर्व रुग्णांना लागू करण्याची घाई रोखली. पुढे 2004 मध्ये जपानी संशोधकांनी सातव्या गुणसूत्रावरील सीओएल1ए2 या कोलॅजनच्या दुसऱ्या जनुकाकडे बोट दाखवले, तर 2007 मध्ये सीओएल4ए1 मधील बदलांमुळे तीन कुटुंबांत मूत्रपिंडाचा विकार, स्नायूंचे पेटके आणि ॲन्युरिझम एकत्र आढळल्याची नोंद झाली. या जनुकातून घडणारे चौथ्या प्रकारचे कोलॅजन रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला आधार देणाऱ्या पातळ पटलात असते. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या 2020 मधील अभ्यासात मात्र जनुकसंचातील ॲन्युरिझमच्या धोक्याशी निगडित 17 ठिकाणे पुढे आली आणि रक्तदाब व धूम्रपान यांचे महत्त्व अधोरेखित झाले.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसीसारख्या गावांसाठी या इतिहासात आणखी एक धागा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो आणि मध्य भारतातील त्याच्या वाहकांची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी 1958 सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. त्याचे जनुक कोलॅजनचे नाही, ते रक्तातील हिमोग्लोबिनचे आहे. तरीही विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी धमनीच्या अस्तराला इजा करतात आणि अशा रुग्णांत मेंदूतील ॲन्युरिझम अधिक आढळतात. म्हणून अचानक उठलेली, पूर्वी कधीच न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी हे सिकलसेलच्या रुग्णाच्या घरी तातडीने दवाखाना गाठण्याचे कारण मानायला हवे, तर दोन किंवा अधिक जवळच्या नातेवाइकांना ॲन्युरिझम झाला असल्यास डॉक्टर लक्षणे नसतानाही एमआर अँजिओग्राफी ही रक्तवाहिन्यांची तपासणी सुचवू शकतात.